पाण्याखाली ऐन वेळी कॅमेरा का अडतो आणि त्यावर काय करायचं

कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशची गोष्ट. मुरुडेश्वरहून बोटीने जायचं, मळमळ आवरत उडी मारायची आणि खाली गेलं की सगळं विसरायचं, असं ते ठिकाण. एका कपारीपाशी लायनफिश पंख पसरून तरंगत होता. मी शटरवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. खाडखाड अकरा फ्रेम निघाल्या आणि कॅमेरा गप्प झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचं चित्र लुकलुकत राहिलं. तेवढ्यात मागून टँकवर टकटक. वळून बघतो तर गाइड वर बोट दाखवतोय आणि हातभर अंतरावरून एक कासव श्वास घ्यायला वर निघालंय. मी शटर दाबतोय, परत दाबतोय, काही नाही. कासव निळ्यात विरघळलं आणि मग कॅमेरा म्हणाला, बोला, काय काढू?

त्या डाइव्हचे माझ्याकडे एकाच लायनफिशचे अकरा फोटो आहेत. अकराही सारखे.

परत आल्यावर मी तेच केलं जे सगळे करतात. दुकानात जाऊन सगळ्यात महाग कार्ड घेतलं. पुढच्या मोसमात अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, तेच कार्ड घालून उतरलो आणि तसाच अडलो. कारणं दोन होती. एक, माझा कॅमेरा त्या कार्डाचा वेग वापरूच शकत नव्हता. दोन, मी ज्याला ‘कार्डाचा उशीर’ समजत होतो त्यातला निम्मा उशीर कार्डाचा नव्हताच. तो फ्लॅशचा होता. हे कळायला माझे दोन मोसम आणि बरेच पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

हे कोणासाठी आहे तेही सांगतो. तुमच्याकडे डाइव्हिंगचं निदान पहिलं प्रमाणपत्र आहे, हाऊसिंगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पेटीत, बसणारा कॉम्पॅक्ट किंवा मिररलेस कॅमेरा आहे आणि पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येतं, असं मी धरून चालतो. मालवणला किंवा तारकर्लीला पहिल्यांदाच, गाइडने धरून नेलेली डाइव्ह करणार असाल तर स्वतःचा कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवा. पहिल्या डाइव्हला श्वास घेणं आणि कान मोकळे करणं एवढंच काम पुरे असतं. शूटिंग बहुतेक ठिकाणी तेच करून देतात.

काय काय लागेल

– कॅमेऱ्याचं मॅन्युअल, मोबाइलवर उतरवून घेतलेलं. त्यातलं मेमरी कार्डाचं पान आणि बर्स्टचं, म्हणजे शटर दाबून धरून सलग फोटो काढण्याचं, पान.
– एकसारखी दोन कार्डं. एक आत, एक कोरड्या डबीत.
– स्टॉपवॉच आणि आवाज रेकॉर्ड करण्याची सोय. दोन्ही मोबाइलवर असतात.
– हाऊसिंगसोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस, धागे न सुटणारं फडकं, सिलिका जेलच्या ताज्या पुड्या, एक मोठी बादली.
– स्ट्रोब (हाऊसिंगबाहेर लावायचा पाण्याखालचा फ्लॅश) असेल तर त्याच्या रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड बॅटऱ्या आणि एक जादा जोड.
– कागदपत्रं: डाइव्हिंगचं कार्ड, आरोग्याचा फॉर्म, कॅमेरा-हाऊसिंगची बिलं. मालदीव किंवा इंडोनेशियाला सामान नेत असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे येताना ‘हे तिकडून आणलं का’ या प्रश्नाला कागद दाखवता येतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या.

१. आधी बफरचा हिशोब समजून घ्या

पूर्वी रॉकेलच्या दुकानात नरसाळं असायचं. वरून भराभर ओतलं की ते काठापर्यंत यायचं आणि मग खालून जेवढं उतरेल तेवढंच वरून ओतता यायचं. बफर म्हणजे ते नरसाळं. सेन्सरकडून आलेला फोटो आधी कॅमेऱ्याच्या आतल्या वेगवान मेमरीत थांबतो, तिथून सावकाश कार्डावर उतरतो. नरसाळं भरलं की कॅमेरा नवा फोटो घेत नाही किंवा अडखळत एकेक घेतो.

आकडे घालून बघा. समजा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, एक रॉ फाइल (सेन्सरकडून आलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) साधारण २४ एमबीची आणि बर्स्टचा वेग सेकंदाला १० फोटो. म्हणजे वरून सेकंदाला २४० एमबी ओतले जातायत. बफर ५४० एमबीचा धरू. कार्डावर प्रत्यक्ष ३० एमबी उतरत असतील तर दर सेकंदाला २१० एमबी साठत जातात आणि अडीच सेकंदांच्या जरा पुढे, २५–२६ फोटोंनंतर, कॅमेरा अडतो. मग बफर पूर्ण रिकामा व्हायला १८ सेकंद.

आता दुप्पट वेगाचं, ६० एमबी उतरवणारं कार्ड घाला. अडायच्या आधी किती फोटो मिळतात? ३०. फक्त चार-पाच जास्त! फरक पडतो तो थांबण्यात: १८ सेकंदांचे ९ होतात.

आणि कार्ड तेच ६० एमबीचं ठेवून बर्स्टचा वेग १० वरून ५ केला तर? वरून १२० येतात, खालून ६० जातात, बफर भरायला ९ सेकंद लागतात. ४५ फोटो. एक पैसाही खर्च न करता.

हा हिशोब तुमच्या कॅमेऱ्याचे आकडे घालून एकदा कागदावर करा. वेगवान कार्डाने बर्स्ट फारसा लांबत नाही, खोळंबा मात्र कमी होतो, हे एकदा डोक्यात बसलं की दुकानदाराचं बोलणं वेगळं ऐकू येतं.

२. नेमकं कोण थांबवतंय ते ओळखा

माझी चूक इथे झाली होती, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पाण्याखाली ‘कॅमेरा अडला’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळी दुखणी असू शकतात आणि तिन्हींवर औषध वेगळं.

पहिलं फोकसचं. शटर दाबलं, लेन्स पुढेमागे करतेय, चौकट हिरवी होत नाहीये. हा उशीर फोटोच्या आधीचा. खाली उजेड कमी आणि पाणी गढूळ असेल तर फोकसला धरायला काही सापडत नाही. मालवणच्या पाण्यात तर हे रोजचंच. इथे कार्ड बदलून काडीचाही फरक पडणार नाही. छोटा फोकस लाइट लावा, मधला एकच फोकस बिंदू निवडा आणि तो माशाच्या सपाट अंगावर न ठेवता डोळ्याच्या कडेवर ठेवा.

दुसरं फ्लॅशचं. फोटो निघाला, मग स्क्रीन काळी झाली किंवा फ्लॅशचं चिन्ह लुकलुकायला लागलं आणि दोन-तीन सेकंद शटर मेलं. बऱ्याच कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत आतला फ्लॅश चार्ज होईपर्यंत दुसरा फोटोच निघत नाही. बॅटरी उतरत जाते तसा हा वेळ वाढत जातो, त्यामुळे डाइव्हच्या सुरुवातीला सगळं ठीक असतं आणि शेवटी वैताग येतो. ओळखायची खूण सोपी: फ्लॅश बंद करा. उशीर गेला? मग गुन्हेगार सापडला.

तिसरं खरं, कार्डावर लिहिण्याचं. भराभर काढलेल्या फोटोंच्या मागून येणारा हा उशीर. कार्डाचं चिन्ह किंवा लाल दिवा चालू राहतो. काही कॅमेऱ्यांत या वेळात मेनू उघडत नाही, काढलेला फोटो दिसत नाही. हा दिवा बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या तळाशी किंवा कार्डाच्या झाकणापाशी असतो आणि हाऊसिंगमध्ये झाकला जातो. आपला दिवा बाहेरून दिसतो की नाही हे घरीच बघून ठेवा. दिसत नसेल तर स्क्रीनवरचं चिन्ह कुठल्या कोपऱ्यात येतं ते पाठ करा.

३. घरच्या घरी कोरडी चाचणी

डाइव्हला जायच्या आदल्या आठवड्यात अर्धा तास काढा.

फोकस हाताने लॉक करा, फ्लॅश बंद, शटर १/२५० सेकंद. कॅमेरा पुस्तकांच्या भरगच्च कपाटासमोर ठेवा. पांढऱ्या भिंतीसमोर नको, कारण भिंतीच्या फाइली लहान निघतात आणि चाचणी खोटी चांगली येते. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून कॅमेऱ्याशेजारी ठेवा. आता शटर दाबून धरा. ताल बिघडला, म्हणजे खाडखाड थांबून खाड… खाड… सुरू झालं की बोट उचला आणि शेवटी दिवा विझेपर्यंत रेकॉर्डिंग चालू द्या. विझल्याक्षणी टिचकी वाजवा.

नंतर रेकॉर्डिंग ऐका. ताल बिघडण्याआधीचे फोटो मोजा, हा तुमचा बर्स्ट. पहिल्या शटरपासून टिचकीपर्यंतचे सेकंद मोजा. संगणकावर त्या सगळ्या फाइलींचा एकूण आकार बघा आणि सेकंदांनी भागा. हा तुमच्या कॅमेऱ्याचा आणि कार्डाचा जोडीने प्रत्यक्ष वेग. डबीवर काय छापलंय ते विसरा.

हीच चाचणी तीन वेळा करा: एकदा रॉ अधिक जेपेग, एकदा फक्त रॉ, एकदा फक्त जेपेग. मग फ्लॅश चालू करून एकेक फोटो शक्य तितक्या भराभर काढा आणि दोन फोटोंमधलं अंतर मोजा. मी हे केलं तेव्हा माझ्या वहीत बफर रिकामा व्हायचे सेकंद एका ओळीत आणि फ्लॅशचे सेकंद दुसऱ्या ओळीत आले, आणि ज्या महागड्या कार्डाने काही फरक पडला नव्हता त्याचं कोडं तिथल्या तिथे सुटलं.

मित्राकडून दुसरं कार्ड उसनं मिळालं तर तेही घालून बघा. दोन वेगवेगळ्या वेगवान कार्डांनी एकच आकडा येत असेल तर मर्यादा कॅमेऱ्याची आहे. मग कार्डावर आणखी पैसे घालू नका.

४. कार्डावरची अक्षरं वाचायला शिका

कार्डावर ठळक छापलेला मोठा आकडा, १७० किंवा २०० एमबी वगैरे, बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डावरून संगणकावर. आपल्याला हवा तो लिहिण्याचा, आणि तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच.

खात्रीचा आकडा शोधायचा तर छोट्या चिन्हांकडे बघा. वर्तुळात १० असेल तर सलग लिहिताना किमान १० एमबी. यू अक्षराच्या पोटात ३ किंवा शेजारी व्ही३० असेल तर किमान ३०. व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. ही किमान हमी आहे. चांगली कार्डं यापेक्षा बरीच वेगाने लिहितात.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रोमन आकडा. रोमन एक म्हणजे यूएचएस-१, त्याच्या वाहिनीची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. रोमन दोन म्हणजे यूएचएस-२, ३१२ एमबीपर्यंत. यूएचएस-२ कार्ड उलटं केलं की सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ दिसते. तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेत त्या दुसऱ्या ओळीला स्पर्श करणाऱ्या पट्ट्याच नसतील तर ते कार्ड यूएचएस-१ सारखंच चालतं. ऑलिम्पस टीजी-६, सोनीची आरएक्स१०० मालिका, सोनी ए६४००, हे पाण्याखाली खूप वापरले जाणारे कॅमेरे यूएचएस-१ वालेच. त्यांच्यासाठी चांगलं व्ही३० कार्ड घ्या आणि थांबा. माझं ते महागडं कार्ड आता संगणकावर फाइली न्यायला कामाला येतं.

दोन खाचांचे कॅमेरे असतील तर आणखी एक खोच. सोनी ए७ थ्री किंवा ऑलिम्पस ई-एम१ मार्क टू मध्ये पहिली खाच यूएचएस-२ आणि दुसरी यूएचएस-१. वेगवान कार्ड चुकून दुसऱ्या खाचेत गेलं की संपलं. आणि ‘दोन्ही कार्डांवर एकदम लिही’ असं ठेवलं असेल तर सगळा कारभार हळू खाचेच्या चालीने चालतो.

व्हिडिओवाल्यांसाठी एवढंच: कॅमेऱ्यातला १०० चा आकडा मेगाबिटचा असतो, मेगाबाइटचा नाही. आठने भागा, १२.५ एमबी येतात. व्ही३० त्याला भरपूर झालं.

क्षमतेचं फार मनावर घेऊ नका. ६४ जीबीच्या कार्डावर २४ एमबीच्या अडीच हजारांहून जास्त फाइली बसतात. एका दिवसात तेवढे फोटो काढले तर निवडताना रडाल. मात्र दोन डाइव्ह मिळून कार्ड पुरलं पाहिजे, त्याचं कारण सातव्या पायरीत सांगतो. मायक्रो कार्ड अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून मोठ्या खाचेत वापरणं टाळा. मध्ये आणखी एक सांधा कशाला?

नकली कार्डं ही वेगळीच जमात. फूटपाथवर घेतलेल्या एका कार्डाने मला शहाणं केलं: नाव मोठं, छपाई झकास, कॅमेरा १२८ जीबी दाखवतोय आणि काही हजार फोटोंनंतरच्या सगळ्या फाइली खालून अर्ध्या करड्या. कुठूनही कार्ड घेतलं तरी पहिल्या दिवशी ते पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्राम हेच करतात: कार्ड काठोकाठ लिहायचं, परत वाचायचं, जुळतं का सांगायचं. लिहिण्याचा वेगही कळतो.

५. कॅमेऱ्यातली बटणं कुठली फिरवायची

कार्ड फॉरमॅट करा, कॅमेऱ्यातच, प्रत्येक सहलीआधी. फोटो अधूनमधून पुसत आणि भरत वापरलेलं कार्ड हळूहळू मंदावतं. जुनं कार्ड अगदीच रखडत असेल तर एसडी असोसिएशनच्या मोफत फॉरमॅटरने ओव्हरराइट फॉरमॅट करून बघा.

फोटो काढल्यावर तो दोन सेकंद स्क्रीनवर दाखवायची सोय बंद करा. लिहिण्याच्या वेगाशी तिचा संबंध नाही, पण त्या दोन सेकंदांत मासा चौकटीबाहेर जातो आणि आपण जुना फोटो बघत बसतो.

रॉ अधिक जेपेग ठेवू नका. एक निवडा. माझं मत विचाराल तर रॉ. पाण्यात पहिल्या काही मीटरांतच लाल रंग गळायला लागतो आणि फोटो निळा-हिरवा येतो. घरी बसून रंग परत आणायला रॉसारखं दुसरं काही नाही. रॉमध्येही कॉम्प्रेस्ड आणि अनकॉम्प्रेस्ड असा पर्याय असेल तर कॉम्प्रेस्ड घ्या. सोनीच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यांत अनकॉम्प्रेस्ड फाइल जवळजवळ दुप्पट होते. पण बर्स्टच हवा असेल, म्हणजे उथळ पाण्यात, सूर्यप्रकाशात, वेगाने जाणारा थवा, तर सरळ जेपेगवर या आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, त्या खोलीवर हाताने लावून घ्या.

एचडीआर, फोकस स्टॅकिंग, पॅनोरमा हे सगळे प्रकार अनेक फोटो काढून आतल्या आत जोडतात आणि तेवढा वेळ कॅमेरा ताब्यात घेतात. मुंगीएवढ्या, जागचं न हलणाऱ्या जिवासाठी स्टॅकिंग छान आहे. एरवी बंद. तो चुकून चालू राहिलाय हे पंधरा मीटरवर कळणं फार वाईट.

बर्स्टचा वेग मधला ठेवा. वर हिशोब केलाच आहे.

६. फ्लॅश आणि स्ट्रोब

बाहेरचा स्ट्रोब प्रकाश वाहून नेणाऱ्या फायबरच्या दोरीने जोडलेला असेल तर तो कॅमेऱ्याच्या आतल्या फ्लॅशची चमक बघून पेटतो. त्याला फक्त इशारा हवा असतो. आतला फ्लॅश पूर्ण ताकदीने उडवायची गरज नाही. ज्या कॅमेऱ्यात आतल्या फ्लॅशची ताकद हाताने ठरवता येते, त्यात ती सगळ्यात कमी करा आणि स्ट्रोबही मॅन्युअलवर घ्या. कॅननच्या जी मालिकेत हा पर्याय मिळतो. एवढ्या एका बदलाने माझा दोन फोटोंमधला वेळ निम्म्याहून खाली आला. कार्डावर घातलेल्या पैशांनी हे झालं नव्हतं.

मग प्रश्न उरतो स्ट्रोबच्या स्वतःच्या चार्जिंगचा. पूर्ण ताकदीनंतर चांगल्या स्ट्रोबलाही दीड-दोन सेकंद लागतात. म्हणून त्याला पूर्ण ताकदीने उडवूच नका. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, २०० ची ४०० केली की निम्मी ताकद पुरते. आणखी जवळ गेलात तर आणखी कमी. चौथ्या हिश्श्यावर चालणारा स्ट्रोब दोन-तीन फोटो सलग देऊन जातो. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या उतरत जातात तशा चार्जिंगला रखडवतात. रिचार्ज होणाऱ्या निकेलवाल्या शेवटपर्यंत बऱ्यापैकी एका चालीने चालतात.

थोडक्यात, स्ट्रोब लावलाय आणि बर्स्ट सेकंदाला दहाचा ठेवलाय, याला अर्थ नाही. पहिली फ्रेम उजळ आणि बाकीच्या काळ्या येतात, आणि त्या काळ्या फ्रेमाही बफरमध्ये तेवढीच जागा खातात.

गढूळ पाण्यात फ्लॅश समोरून मारला की फोटोत हिम पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. स्ट्रोब बाजूला लांब करा. नसेल जमत तर फ्लॅश बंद करून सूर्य पाठीशी घ्या. उशीरही गेला, ठिपकेही गेले.

७. हाऊसिंग बंद करताना

सलग बर्स्ट आणि व्हिडिओने कॅमेरा तापतो. आतली दमट हवा थंड पाण्याला लागलेल्या काचेवर बसते आणि धुकं धरतं. कोकणातल्या सकाळच्या दमट हवेत बोटीवर हाऊसिंग बंद केलंत तर हे ठरलेलं. आदल्या रात्री एसी खोलीतल्या कोरड्या हवेत बंद करा, सिलिका जेलच्या दोन पुड्या आत, पण लेन्सच्या आणि झाकणाच्या वाटेत नाहीत. बोटीवर हाऊसिंग उन्हात ठेवू नका, ओल्या टॉवेलखाली ठेवा.

ओ-रिंगवरून, म्हणजे झाकणातल्या पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवरून, बोट फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारा केस किंवा वाळूचा कण बोटाला लागतो. ग्रीस अगदी थोडं. ते रिंग मऊ राहावी म्हणून असतं, भेग बुजवायला नाही. हाऊसिंग नवं असेल तर पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू कागद घालून बादलीत बुडवा आणि बटणं दाबा. कागद कोरडा निघाला की मग कॅमेरा.

आणि बोटीवर कार्ड बदलायला हाऊसिंग उघडू नका. दोन डाइव्हच्या मधल्या वेळात आपण वाकून झाकण उघडतो आणि केसांतून खाऱ्या पाण्याचा एक थेंब टपकन कार्डाच्या खाचेपाशी पडतो. मी हा थेंब पडताना बघितलाय. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात, सुदैवाने. उघडावंच लागलं तर आधी डोकं पुसा, मग हात, मग हाऊसिंग, आणि ते झाकण खाली करून उघडा.

८. पाण्यात

तीन काढा, बोट उचला. एवढी एक सवय लावली तरी निम्मं काम झालं. तीन फोटोंचं वजन बफरला जाणवतही नाही आणि तुम्ही पुढच्या क्षणाला तयार असता. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत शटर अर्धं दाबलं की आर अक्षरापुढे आकडा येतो: बफरमध्ये अजून इतके बसतील. तो आकडा पाचाच्या खाली जाऊ देऊ नका. कासव कधी येईल सांगता येत नाही.

जीव बघून पद्धत ठरवा. न्यूडीब्रँक, म्हणजे कवच नसलेली समुद्री गोगलगाय, कुठे पळत नाही, एकेक फोटो सावकाश काढा. लायनफिशही नाही, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. क्लाउनफिश समुद्रफुलात आत-बाहेर करत राहतो, पण त्याचा ठेका असतो. दोन मिनिटं नुसतं बघा, तो बाहेर कुठे येतो ते कळतं, मग तिथे फोकस धरून तीन फ्रेम. बिळातून डोकावणाऱ्या ब्लेनी या चिमुकल्या माशाचंही तसंच. कासव श्वासाला वर निघालं की त्याच्या मागे पोहू नका, फक्त शेपूट मिळतं आणि तुमचा वर जाण्याचा वेग हाताबाहेर जातो. खऱ्या अर्थाने लांब बर्स्ट लागतो तो शिकारीच्या वेळी, बाराकुडा मासे छोट्या माशांच्या थव्यात घुसतात तेव्हा, आणि ते काही सेकंदांत आटोपतं.

पाण्याखाली फोटो पुसत बसू नका. चुकीचा पुसला जातो आणि तेवढ्यात समोरचं निघून जातं.

बफर भरलाच, तर त्या नऊ सेकंदांचा उपयोग करा. नवशिक्याचे डोळे लुकलुकणाऱ्या चिन्हावर खिळतात आणि नकळत श्वास रोखला जातो. श्वास रोखला की शरीर वर उचललं जायला लागतं आणि श्वास न रोखणं हा तर डाइव्हिंगचा पहिला नियम. मी स्वतःला लावलेला क्रम असा: कार्ड लुकलुकलं की आधी हवेचा काटा, मग खोली, मग बडी, म्हणजे जोडीचा डाइव्हर, कुठे आहे. तिन्ही बघून होईपर्यंत कॅमेरा बहुतेक मोकळा झालेला असतो. बडी दिसत नसेल तर कॅमेरा मोकळा झाला तरी तो खाली करा.

प्रवाळावर गुडघा टेकून फ्रेम स्थिर करायचा मोह होतो. नको. ते जिवंत असतं, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. जमत नसेल तर तो फोटो तुमचा नव्हता.

९. वर आल्यावर

बोटीवर लगेच कॅमेरा बंद करताना कार्डाचं चिन्ह विझलंय का बघा. बहुतेक कॅमेरे बंद केल्यावरही राहिलेलं लिहून मगच झोपतात, पण बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर शेवटच्या फाइली जाऊ शकतात.

किनाऱ्यावर हाऊसिंग न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि आतच एकेक बटण दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे बटणांच्या दांड्यांतलं मीठ निघतं. सामायिक पिंपात दुसऱ्यांचे वेटबेल्ट आणि कॅमेरे एकमेकांवर आपटतात, शक्य तर स्वतःची बादली घ्या. उघडण्याआधी पूर्ण पुसा. फोटो दोन ठिकाणी उतरवून, उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

आणि बटणं दाबण्याआधी कॅमेरा बंद करा. माझ्या नेत्राणीच्या कार्डावर लायनफिशच्या अकरा फोटोंनंतर लगेच लाल बादलीच्या तळाचे चौदा आहेत. फोकस अचूक, आणि एकदाही न अडता निघालेले.